लेबल पुस्तकाइतके टिकावे

(हैदराबाद येथील कोठी भागात ग्रामीण ग्रंथालयांचे कार्यकर्ते, शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



नांदेड, लातूर, बिदर, आदिलाबाद अशा निरनिराळ्या भागांतून आपण येथे जमला आहात. पुष्कळजण आज सकाळीच काचीगुड्यास उतरून थेट इकडे आले असतील. आज तीन राज्यांत विभागलेला हा मुलूख १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळापासून कोठी हे त्याचे पुस्तकांचे गाव आहे. येथून जवळच, सुलतान बाजारात, १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम आहे. ते ग्रंथालय तेलुगू भाषेचे. परंतु त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपुरास शिकलेले असून मराठी नियतकालिकांतून लेखन करीत असत, ही गोष्ट आपल्या मंडळींना फारशी ठाऊक नसते. ग्रंथालयाच्या कामात भाषेच्या भिंती फार उंच नसतात, एवढेच सांगून मी आजच्या विषयाकडे वळतो.

विषय वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. पुस्तकाला लावावयाचे छापील लेबल कशाचे असावे, एवढाच तो प्रश्न. यासाठी व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. तीन वर्षांपूर्वी माझ्याही मनात तेच आले असते.

काल सायंकाळी मी येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत होतो. एक कापडी बांधणीचे पुस्तक हाती आले. आतल्या पानावर एका ग्रंथालयाचा गोल शिक्का होता, मागील पुठ्ठ्यावर खळीने चिकटविलेली लहानशी चिठ्ठी होती आणि तिच्यावर टाकाने काळ्या शाईत लिहिलेला दाखल क्रमांक होता. चिठ्ठीचा एक कोपरा कसरीने खाल्लेला, परंतु क्रमांकाचा एकही आकडा पुसट झालेला नव्हता. ज्याने तो लिहिला त्याला बारकोड ठाऊक असणे शक्य नव्हते; पण हा आकडा आपल्यामागेही कोणीतरी वाचणार आहे, हे त्याला ठाऊक होते. मी ते पुस्तक विकत घेतले. ते या मेजावर आहे.

आता दुसरी हकीकत. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक ग्रंथालय आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण झालेल्या चुकीत तेथील मंडळींपेक्षा माझा वाटा मोठा होता. ग्रंथालयाचे संगणकीकरण करावयाचे ठरले तेव्हा सल्ला देण्यास मला बोलाविले होते. मी आज्ञावली कोणती घ्यावी ते सांगितले, मुद्रणयंत्र कोणते घ्यावे ते सांगितले, लेबलाचे माप ५० बाय २५ मिलिमीटर असावे हेही सांगितले. लेबल कशाचे असावे याविषयी मात्र मी एक शब्द बोललो नाही. पुरवठादाराने सर्वांत स्वस्त गुंडाळ्या दिल्या. यंत्रात रिबन घालावी लागत नाही, म्हणजे तेवढा खर्च वाचला, म्हणून सर्वांना आनंदच झाला. सहा हजारांच्या आसपास पुस्तकांना लेबले लागली. ग्रंथपालांनी मोठ्या हौसेने प्रत्येक लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, ती अशासाठी की अक्षर सुरक्षित राहावे.

दोन उन्हाळे गेले. पत्र्याच्या छपराची खोली, लोखंडी कपाटे, वैशाखातले ऊन. आपणांस वर्णन करून सांगण्याची गरज नाही. तिसऱ्या वर्षी साठा पडताळणीसाठी कपाटे उघडली तेव्हा स्कॅनर मुकाट राहिला. काही लेबले पिवळसर होऊन त्यांवरच्या रेषा राखाडी झाल्या होत्या. काही अगदी कोरी होती. नवलाची गोष्ट अशी की, ज्यांवर चिकटपट्टी लावली होती तीच आधी गेली, आणि रेक्झिनच्या बांधणीवर लावलेली त्यांच्याही आधी.

पुस्तकाच्या आतल्या गुप्त पानावर दाखल क्रमांक हाताने लिहिण्याची जुनी पद्धत 'आता बारकोड आहे' म्हणून बंद करण्यात आली होती. ज्या ग्रंथाची एकच प्रत होती त्याचा क्रमांक दाखल नोंदवहीत नावावरून सापडला. परंतु एकाच कादंबरीच्या चार प्रती असतील तर कोणती कोणाची? गावातील एका दिवंगत शिक्षकांच्या पत्नीने त्यांचा सारा संग्रह ग्रंथालयास दिला होता आणि तो एका कपाटात एकत्र ठेवावा एवढीच अट घातली होती. देवघेवीत ती पुस्तके इतर प्रतींत मिसळली. त्यांतील सगळी पुन्हा वेगळी काढता आली असे मी आपणांस सांगू शकत नाही. त्या बाई ग्रंथालयात आल्या, कपाटासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या. त्या दिवसापासून मी लेबलांचा अभ्यास सुरू केला.

लेबल कोरे कसे होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ज्या छपाईत रिबन लागत नाही तीत शाईच नसते. कागदाच्या पृष्ठभागावर एक लेप असतो. त्यात रंगहीन असे एक रंजकद्रव्य आणि त्याला काळा रंग आणणारे दुसरे आम्लधर्मी द्रव्य, अशी दोन्ही एकमेकांजवळ पण अलग निजलेली असतात. यंत्राच्या छपाईशीर्षावर सूक्ष्म तापबिंदू असतात, दर मिलिमीटरला साधारणपणे ८ किंवा १२. बिंदू तापला की त्याखालचा लेप वितळतो, दोन्ही द्रव्ये मिसळतात आणि तेवढा ठिपका काळा होतो. एस. टी. च्या यंत्रातून निघणारे तिकीट, ए. टी. एम. ची पावती, दुकानातील वजनकाट्याची चिठ्ठी ही सारी याच जातीची.

हे मीलन पक्के नसते, हीच मुख्य गोष्ट. तेल, तूप, घामट हात, प्रखर प्रकाश आणि प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली तेलकट द्रव्ये यांच्या संसर्गाने ती दोन द्रव्ये पुन्हा विलग होतात आणि काळे होते ते पांढरे होते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेले असेच मऊ प्लॅस्टिक होय. मुलांच्या पुस्तकांना आपण घालतो ती मऊ प्लॅस्टिकची वेष्टनेही बहुधा तशीच. चिकटपट्टीच्या डिंकातही अशी द्रव्ये असू शकतात. आमच्या ग्रंथपालांनी रक्षणासाठी जे लावले तेच भक्षक ठरले, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. उलट दिशेनेही बिघाड होतो. साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे तापमान गेले की कोरा भागही काळवंडू लागतो. स्पिरिटचा बोळा लागला तरी तेच होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या काचेमागे विसरलेली पावती आपण पाहिली असेल.

म्हणून हा कागद वाईट, असे मी म्हणत नाही. बारकोड आणि चिकट लेबल या दोन्ही गोष्टी मुळात दुकानदारीतून आल्या आहेत. अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली पाठीमागचा कागद सोलून लावावयाची लेबले काढली, ती मालावर किंमत डकविण्यासाठी उपयोगी पडली. दुकानात वस्तूवरील बारकोड प्रथम वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पुडक्यावर. दुकानातील लेबलाचे काम माल विकला की संपते. टपालाच्या पार्सलावर, दुधाच्या पिशवीच्या खोक्यावर, चार दिवसांच्या हिशेबासाठी बिनरिबनचे लेबल योग्यच आहे. तेथे रिबन वापरणे ही उधळपट्टी होईल. आपण चूक केली ती अशी की, आठवड्याच्या कामाची वस्तू पन्नास वर्षांच्या कामाला लावली.

दुसरी छपाई रिबनची. रिबन म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ अशी पॉलिस्टरची फीत, तिच्या एका बाजूला शाईचा थर. शीर्षाची उष्णता फितीच्या पाठीकडून लागते, शाई वितळते आणि लेबलावर उतरते. ही शाई काळी असते ती बहुधा कार्बनच्या भुकटीमुळे. कार्बनची भुकटी म्हणजे काय, तर काजळीच! आपल्या जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिल्या गेल्या आणि शतके उलटली तरी वाचता येतात, कारण काजळी उन्हाने विटत नाही. हे वाचले तेव्हा मला मोठे समाधान वाटले. यंत्र बदलले, परंतु टिकाऊपणाचे मूळ जेथे होते तेथेच राहिले.

मात्र काजळी कशात कालविली आहे, हे पाहावे लागते. रिबन तीन प्रकारांच्या मिळतात. पहिली मेणाची, ती स्वस्त, कागदावर सुरेख उठते, परंतु नखाने खरवडली जाते. तिसरी राळेची, म्हणजे बाजारात जिला रेझिन म्हणतात ती. ती प्लॅस्टिकच्या लेबलावरच नीट बसते, तिला शीर्षाची उष्णता अधिक लागते, आणि एकदा बसली की घासून, पुसून सहसा जात नाही. मधली मेण-राळेच्या मिश्रणाची. रिबन एका जातीची व लेबल दुसऱ्या जातीचे घेतले तर दोन्हींचे पैसे वाया जातात. राळेची रिबन साध्या कागदावर अर्धवट उठते, मेणाची पॉलिस्टरवरून बोटाने पुसली जाते. तेव्हा दोन्ही वस्तू एकाच वेळी, एकमेकींवर छापून पाहून घ्याव्यात. रिबन लेबलापेक्षा किंचित रुंद असावी, नाहीतर कागदाची कड शीर्षावर घासत राहते. छापलेल्या प्रत्येक लेबलावर एकाच जागी पांढरी रेघ येऊ लागली तर शीर्षावर मळ बसला आहे असे आधी समजावे. पुष्कळ ठिकाणी यासाठी यंत्रच मोडीत काढलेले मी पाहिले आहे.

आता लेबलाचे अंग कशाचे असावे? बाजारात ज्याला क्रोमो म्हणतात तो गुळगुळीत लेपाचा कागद, त्यानंतर पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टर, असा किमतीचा चढता क्रम आहे. पॉलिस्टर फाटत नाही, पाण्याने बिघडत नाही, ऊन सोसते. मग सर्वत्र पॉलिस्टरच लावावे काय? मीही प्रथम तसेच समजलो होतो. पुस्तकाच्या कण्यावर वर्गांकाचे लेबल लावले तेव्हा चूक उमगली. पॉलिस्टर ताठ असते. बारीक पुस्तकाच्या गोल कण्यावर ते वाकविले की सरळ होण्याची त्याची धडपड चालू राहते, आणि महिन्याभरात त्याच्या कडा उचलल्या जातात. मग मुले त्या सोलतात. मुलांचा तो हक्कच आहे. कण्याला मऊ कागदाचे लेबल बरे, त्यावर मेण-राळेची रिबन. मागील पुठ्ठ्यावरचा बारकोड, जो हातांत फिरतो आणि टेबलावर घासला जातो, तो पॉलिस्टरवर राळेच्या रिबनने छापावा. ज्या ग्रंथालयाचे अनुदान तुटपुंजे आहे, आणि महाराष्ट्रातील सुमारे ११ हजार सार्वजनिक ग्रंथालयांपैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे, त्याने देवघेवीच्या पुस्तकांपुरते पॉलिस्टर घ्यावे आणि कपाटातच राहणाऱ्या संदर्भग्रंथांना क्रोमोवर भागवावे. 'ड' वर्गातील ग्रंथालयाला हे परवडते, असे मी स्वतः हिशेब करून पाहिले आहे.

डिंकाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. लेबल म्हणजे तीन थर: वरचे अंग, मधला डिंक, आणि सिलिकोन लावलेला, सोलून टाकावयाचा पाठकागद. अंगाची चौकशी सर्व करतात, डिंकाची कोणीच करीत नाही. डिंक मुख्यतः दोन कुळांचे असतात. रबराच्या कुळातला लावताक्षणी घट्ट धरतो, म्हणून विक्रेता तो कौतुकाने दाखवितो. परंतु उन्हाळ्यात तो पातळ होऊन कडांबाहेर पाझरतो, त्यावर धूळ बसते, शेजारची पुस्तके एकमेकांस चिकटतात, आणि काही वर्षांनी तो पिवळा व कडक होऊन लेबल गळून पडते. ॲक्रिलिकच्या कुळातला आरंभी थोडा सैल वाटतो. त्याला पूर्ण पकड येण्यास एक दिवस तरी द्यावा लागतो. ऊन व वय तो पुष्कळ अधिक सोसतो. ग्रंथालयासाठी तोच मागावा. लावण्यापूर्वी पुठ्ठा कोरड्या फडक्याने पुसावा आणि लेबल मधून कडांकडे दाबत न्यावे. कोकणातील मित्रांनी हे काम पावसाळ्यात काढू नये.

रेक्झिनचा प्रश्न मात्र या सर्वांवर मात करतो. त्यातील तेलकट द्रव्य डिंकातही शिरते व त्याला लिबलिबीत करते. तेथे चांगला डिंकसुद्धा कालांतराने हार खातो. माझा अनुभव असा की, रेक्झिनच्या बांधणीवर बारकोड बाहेर लावूच नये. आतल्या कोऱ्या पानावर लावावा. देवघेव करताना पुस्तक उघडावे लागते, दोन क्षण अधिक जातात. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा असे सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु न सापडणाऱ्या पुस्तकापुढे हे दोन क्षण फार नव्हेत.

एका बाबतीत मी हट्टी आहे. हस्तलिखिते, पोथ्या, जुने दुर्मीळ ग्रंथ यांना कसलेही चिकट लेबल लावू नये; महागाचे नको, 'सहज निघणारे' म्हणून विकले जाणारेही नको. डिंक कागदात मुरतो आणि काढताना अक्षर घेऊन येतो. आम्लरहित कागदाची एक पट्टी पानांत ठेवावी, तिच्यावर क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावा. काही गावांतून पोथीच्या पहिल्याच पानावर बारकोड डकविलेला मी पाहिला आहे. काम तत्परतेने केले म्हणून तेथील कार्यकर्त्याची पाठ थोपटली गेली होती. त्याला काय म्हणावे, मला सुचले नाही.

येथे अधिकारी मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. मागणीपत्रात 'बारकोड लेबल, ५० बाय २५, नग दहा हजार' एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दराने सर्वांत हलके लेबलच येणार, आणि नियमानुसार तेच घ्यावे लागणार. यात पुरवठादाराची लबाडी नसते. आपण मागितले ते त्याने दिले. मागणीपत्रात छपाई रिबनची की बिनरिबनची, अंग कशाचे, डिंक कोणत्या कुळाचा, रिबन कोणत्या प्रकारची, आणि लेबल कोणत्या पृष्ठभागावर लागणार, या पाच गोष्टी लिहाव्यात. 'जेम' वर खरेदी करतानाही हे तपशील मागता येतात. दहा हजारांच्या आधी शंभर मागवावीत. पन्नास लावून एक एप्रिल-मे जाऊ द्यावा, मग उरलेल्यांचा विचार करावा. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, ही अडचण मी जाणतो. तेव्हा नमुने निदान डिसेंबरात मागवावेत आणि मेऐवजी खिडकीच्या उन्हात अर्धे झाकून पंधरा दिवस ठेवावेत. झाकलेला व उघडा भाग शेजारी धरला की निकाल समोर असतो.

शिक्षक मित्रांसाठीही थोडेसे सांगतो, कारण ही गोष्ट ग्रंथालयापुरती नाही. प्रवासभत्त्याच्या देयकास जोडलेले एस. टी. चे तिकीट लेखापरीक्षणाच्या वेळी कोरे निघते आणि आक्षेप मात्र ठळक अक्षरांत येतो. असे तिकीट, विजेच्या देयकाची पावती, बियाण्याच्या दुकानातील बिल, यांची त्याच दिवशी छायाप्रत काढून तीवर दिनांक व सही करावी. शेतकरी बंधूंनी बियाण्याचे बिल प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवू नये. साध्या कागदी लखोट्यात ठेवावे. उगवण झाली नाही आणि तक्रार करावयाची वेळ आली, तर ते बिल वाचता आले पाहिजे. या कागदांच्या लेपात बिस्फेनॉल-ए नावाचे द्रव्य वापरले जात असे. आरोग्याच्या कारणास्तव युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून त्यावर कडक मर्यादा घातली आहे. लहान मुलांच्या हाती अशा पावत्या खेळावयास देऊ नयेत, हे बरे.

ज्या ग्रंथालयाची हकीकत सांगितली तेथे आम्ही काय केले, असे कोणी विचारील. सर्व पुस्तके पुन्हा काढली. जुनी लेबले काढली. जेथे डिंक सुटेना तेथे तशीच ठेवून शेजारी नवी लावली. प्रत्येक पुस्तकाच्या गुप्त पानावर दाखल क्रमांक पूर्वीप्रमाणे हाताने लिहिला. हे काम ग्रंथपाल, दोन निवृत्त शिक्षक आणि शाळेतील काही मुली यांनी दिवाळीच्या सुटीपासून होळीपर्यंत केले. ग्रंथपालांचे वेतन किती असते ते आपणांस ठाऊक आहे, मी सांगत नाही. त्या शिक्षकांच्या संग्रहातील जी पुस्तके त्यांच्या सहीवरून ओळखता आली ती पुन्हा एका कपाटात आली आहेत. कपाटात अजून रिकामी जागा आहे.

मेजावर चार लेबले ठेवली आहेत. ती सर्व सारखीच दिसतात. प्रत्येकाने येऊन त्यांच्या कोऱ्या भागावर नख जोराने ओढून पाहावे. ज्यावर नखाची काळी रेघ उठेल ते बिनरिबनचे. मग छापलेल्या भागावर नख ओढावे. जे खरवडून निघेल ते मेणाचे. शेवटचे लेबल एका रेक्झिनच्या तुकड्यावर लावून मी गेल्या उन्हाळ्यापासून खिडकीत ठेवले होते, त्यावर काय छापले होते ते कोणास वाचता आले तर मला सांगावे. पाचवी वस्तू म्हणजे काल कोठीत घेतलेले ते पुस्तक. त्याच्या चिठ्ठीला मात्र कृपा करून नख लावू नये.